सस्पेन्स खात्यातले सटवाजी

आण्णांचं आडनाव मी देत नाही. दिलं आणि ते नेमकं तुमचंच निघालं, तर येत्या रविवारी आण्णा तुमच्या दारात उभे राहतील. काखेत प्लास्टिकची फाइल, खिशाला लाल आणि हिरवं अशी दोन पेनं, आणि चप्पल काढता काढता पहिला प्रश्न : ‘‘पणजोबांचं नाव काय आपल्या?’’ तुम्ही अडखळलात तर ते तुमच्याकडे कीव आल्यासारखं बघतील. नाव सांगितलंत तर दुसरा प्रश्न येईल : ‘‘पुरावा?’’

सांगलीत विश्रामबागेला आण्णा आमच्या शेजारी राहतात. आयुष्य बँकेत गेलं, त्यातली शेवटची वर्षं तपासणी विभागात. आण्णा तपासणीला निघाले म्हटल्यावर शाखाधिकारी रजेवर जायचे, असं त्यांच्याच बँकेतले लोक सांगतात. पावणेदोन रुपयांच्या फरकासाठी यांनी एक शाखा रात्री साडेनऊपर्यंत बसवून ठेवली होती. फरक सापडला, तेव्हा आण्णांनी सगळ्यांना स्वतःच्या पैशानं भजी खायला घातली. अशा माणसाच्या हातात निवृत्तीनंतर घराण्याची वंशावळ आली, तर काय होणार?

रिटायर झाल्यावर माणसं हास्यक्लबात जातात, अध्यात्मात जातात, नाहीतर सोसायटीच्या कमिटीत जातात. आण्णा सरळ मागे गेले.

सुरुवात केली ती हेळव्यानं. आमच्या या भागात, म्हणजे सांगली-कोल्हापुरात आणि खाली कर्नाटकात, सुगी झाली की हेळवी येतात. पूर्वी बैलावर किंवा बैलगाडीतून यायचे, आता कुणी टेंपोनंही येतं. घराण्यांच्या वंशावळी पिढ्यान्‌पिढ्या लिहून ठेवायच्या, दारात उभं राहून त्या म्हणून दाखवायच्या, नवीन जन्मलेलं पोर वहीत चढवायचं आणि धान्य, कापड, पैसे घेऊन पुढच्या दाराला जायचं, हा त्यांचा पिढीजात धंदा. आण्णा नेमके गावी गेले होते आणि हेळवी आला. त्यानं कानडी हेलात सुरू केलं, की तुमचा मूळ पुरुष खंडोजी, हातात तलवार घेऊन भाऊसाहेबांबरोबर पानिपतावर गेला.

पानिपतावर पूर्वज गेला नाही असं घर मला तरी अजून भेटलेलं नाही. सगळ्यांच्या पूर्वजांची बेरीज केली तर अब्दालीला त्या मैदानात उभं राहायला जागा उरत नाही. घरातली मंडळी हेळव्याचं ऐकून खूश झाली, भावजयीनं सुपात ज्वारी आणली. आण्णा तेवढे पुढे झाले आणि म्हणाले, ‘‘व्हाउचर?’’

‘‘म्हंजे ओ?’’

‘‘याला आधार काय?’’

‘‘पुस्तकात हाय की.’’

‘‘पुस्तकात कशावरनं आलं?’’

हेळव्यानं आयुष्यात प्रथमच ज्वारी न घेता पुढचं दार गाठलं असावं. पण आण्णांच्या डोक्यात किडा शिरला तो शिरलाच.

तेव्हापासून पुराव्याशिवाय एकही पूर्वज पास होत नाही. प्रत्येक पूर्वजाला एक पान. वर नाव, खाली जन्म, लग्न, मृत्यू, आणि समोर कागदाचा दाखला. दोन स्वतंत्र कागद जुळले की हिरवी खूण. एकच कागद असेल तर लाल. आणि नाव ऐकिवात आहे पण कागदच नाही, असे जे कोण असतील ते सगळे शेवटच्या पानावर, ‘सस्पेन्स’ या सदराखाली. बँकेत ज्या रकमेचा धनी कळत नाही ती सस्पेन्स खात्यात पडते, हे तुम्हाला ठाऊक असेलच. आण्णांच्या सस्पेन्सला बरीच वर्षं चार चुलते, एक बैरागी झालेला मावसभाऊ आणि सटवाजी असे सहा जण पडून होते. सटवाजींकडे आपण नंतर येऊ.

पुरावा शोधायचा तर आधी तो कुठल्या गावाला आहे ते शोधावं लागतं. आण्णांचं गाव जागचं हललेलं नाही, कृष्णेच्या काठाला होतं तिथंच आहे, पण त्याचे कागद हिंडतात. इंग्रजी अमलात ते सातारा जिल्ह्यात. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला, त्यात ते गेलं. १९६० साली त्या जिल्ह्याचं नाव सांगली ठेवलं. शेजारचं गाव संस्थानातलं, त्यामुळे त्याचं दप्तर निराळं. परिणामी आण्णांचे एक पणजोबा साताऱ्याला आहेत, त्यांचे भाऊ सांगलीला, सासुरवाड कोल्हापूरच्या पुरालेखागारात आणि उरलेलं गणगोत पुण्याला पेशवे दफ्तरात, असं आण्णा सांगतात. परगावच्या माणसाला वाटतं, केवढं पसरलेलं कुटुंब!

तहसीलच्या रेकॉर्डरूममध्ये गाव नमुना नंबर १४, म्हणजे आपलं कोतवाल बुक, हे आण्णांचं पहिलं प्रेम. गावात कोण जन्मलं, कोण मेलं याची नोंद त्यात. लाल फडक्यात बांधलेला गठ्ठा सोडला की आधी धूळ, मग डांबराच्या गोळ्यांचा वास, मग पान उलटताना कडेचा तुकडा हातात. अशा वेळी आण्णा श्वास रोखून धरतात. पुष्कळदा इतकं करून अर्जावर शेरा मिळतो, की सदर अभिलेख जीर्ण असल्याने नक्कल देता येत नाही. २०२३ पासून कुणबी नोंदी शोधायला या खोल्यांमधून जी झुंबड उडाली, तिच्यात आण्णाही रांगेला असत. समोरचा विचारायचा, ‘‘दाखल्यासाठी का?’’ आण्णा म्हणायचे, ‘‘छे, छे, आवड म्हणून.’’ त्यावर रांगेतले सगळे वळून बघायचे. दाखल्यासाठी आलेला माणूस लोकांना समजतो. आवड म्हणून कोतवाल बुक वाचणाऱ्याचा हेतू काहीतरी वेगळाच असणार.

कोतवाल बुकाची एक खोड आहे. जन्म नोंदायला जातो तेव्हा बारसं व्हायचं असतं. त्यामुळे बापाचं नाव असतं, जात असते, ‘मुलगा’ की ‘मुलगी’ ते असतं. पोराच्या नावाचा पत्ता नसतो. आण्णांना त्यांच्या खापरपणजोबांच्या नावावर चार बिननावी मुलगे सापडले, आणि घरात माहीत असलेली नावं तीन. चौथा कोण, यावर त्यांनी अख्खा पावसाळा काढला. मरणाच्या रकान्यात पुढे तोही सापडला, ‘पटकी’ या कारणाखाली, वय दोन. मरणाची कारणं तिथे एका शब्दात असतात. ताप. देवी. पटकी. १८९७ च्या पुढे प्लेग सुरू होतो आणि १९१८ च्या पानांवर इन्फ्लुएन्झाच्या साथीत तारखाच बदलत नाहीत. एका दिवसाला एक पान पुरत नाही. ती पानं आण्णा भराभर उलटतात. पेन खिशातच असतं.

शाळेच्या रजिस्टराची खोड निराळी. तिथे आण्णांचे वडील सापडले, जन्म १ जून १९२१. आण्णा हरखले. मग चुलते सापडले, १ जून १९२२. मग धाकटे चुलते, १ जून १९२४. आण्णांनी उत्साहानं पुढची पानं पालथी घातली तेव्हा कळलं, की त्या काळी निम्मं गाव १ जूनला जन्माला येत होतं. शाळा जूनला सुरू व्हायची, पोराला वय विचारलं तर बाप म्हणायचा, ‘‘असंल की सातेक वरसाचा,’’ आणि गुरुजी सात वर्षं वजा करून १ जून टाकायचे. आण्णांनी तिघांनाही लाल खूण केली. सख्ख्या बापाला लाल खूण करणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही.

बायकांचा प्रश्न याहून अवघड. फेरफारात बाप असतो, आजा असतो. ‘मयत अमुक बिन तमुक यांस वारस’ म्हणून चारचार मुलगे ओळीनं येतात. आई येते ती मुलगे लहान असतील तरच, आणि तीही ‘अ. पा. क. आई’ अशी. अज्ञान पालन करणारी आई. तिला नाव नाही. आण्णांची पणजी पंधरा वर्षं सबंध शेती एकटीनं वाहत होती, सावकाराचे हप्ते फेडत होती, आणि सातबाऱ्यावर तिची एकूण ओळख तीन टिंबांची. आण्णांनी तिचं नाव अखेर त्र्यंबकेश्वराला क्षेत्रोपाध्यांच्या वहीत मिळवलं. तिथे गावाचं नाव, आडनाव सांगितलं की उपाध्ये जुनी वही काढतात. यात्रेला आलेल्या माणसानं आपला सगळा कुटुंबकबिला सांगून टाकलेला असतो, सुनांसकट. हरिद्वारच्या पंड्यांकडेही अशा वह्या आहेत आणि अमेरिकेतल्या यूटाच्या वंशावळ संस्थेनं त्यांच्या मायक्रोफिल्म काढून नेल्या आहेत. हे कळल्यापासून आण्णांना एक हुरहुर आहे. ‘‘आमचे लोक त्र्यंबकलाच थांबले हो,’’ ते म्हणतात, ‘‘चार पैसे जास्त खर्चून हरिद्वारला गेले असते तर आज अमेरिकेत असते.’’

वर्षानुवर्षं कागद चाळून आण्णांनी एक सिद्धान्त काढला आहे आणि तो ते कुणालाही, कुठेही, रिक्षात बसता बसताही ऐकवतात. कागदावर यायचं तर माणसानं तीनपैकी एक केलं पाहिजे : भांडलं पाहिजे, कर्ज काढलं पाहिजे, नाहीतर मेलं पाहिजे. जो सरळ वागला, वेळेवर सारा भरला, भावाशी बोलून-चालून राहिला, त्याचा दप्तरात मागमूस नाही. त्यांच्या घराण्यात मधल्या तीन पिढ्या अशाच निघाल्या. तो काळ म्हणजे आण्णांच्या वहीत नुसती कोरी पानं. ‘‘शांत स्वभावाची माणसं,’’ आण्णा हळहळतात, ‘‘यांनी घराण्याचं फार नुकसान केलं.’’

इंग्रजांवरही त्यांचा राग आहे, पण तो चारचौघांसारखा नाही. इनामं खरी की खोटी हे तपासायला इंग्रजांनी इनाम कमिशन नेमलं, १८५२ साली त्याचा कायदा केला. इनामदारांना सनदा काढून दाखवाव्या लागल्या, पिढीवार वंशावळी लिहून द्याव्या लागल्या, कैफियती झाल्या. पुष्कळांची इनामं गेली, पण कागद राहिले. आण्णांच्या घराला इनामच नव्हतं, त्यामुळे कमिशन त्यांच्याकडे फिरकलं नाही. ‘‘संशय घ्यायच्या लायकीचंसुद्धा समजलं नाही आम्हाला,’’ हे त्यांचं दुःख.

एकोणिसाव्या शतकाच्या मागे जायचं तर मोडी आली पाहिजे. आण्णा साठी उलटल्यावर मोडी शिकले. आधी डोक्यावरची रेघ कागदभर ओढून घ्यायची आणि मग तिला अक्षरं लटकवत हात न उचलता पळत सुटायचं, अशी ती लिपी. शब्द कुठे तुटतो ते लिहिणाऱ्याला माहीत, ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही, पूर्णविराम नाही. हात बसावा म्हणून आण्णा घरात सगळं मोडीत लिहू लागले. दुधाचा हिशेब मोडीत, गॅसचा नंबर मोडीत. एकदा काकूंनी घाईत त्यांच्याकडून किराणाची यादी लिहून घेतली आणि कामवालीच्या हाती दुकानात पाठवली. दुकानदारानं ती सरळ धरली, उलटी धरली, उजेडाला धरली. आत गादीवर त्याचे नव्वदीतले आजोबा बसलेले असतात, त्यांनी हात पुढे केला. चष्मा नाकावर ओढून म्हाताऱ्यानं यादी खडाखडा वाचली : साबुदाणा दोन शेर, गूळ, हिंगाची डबी. मग पेन मागून घेतलं आणि सामानाबरोबर यादी परत पाठवली. आण्णांचा ‘स’ तीन ठिकाणी दुरुस्त केलेला आणि खाली मोडीतच शेरा, ‘वळण सुधारणे’. हा कागद आण्णांनी लॅमिनेट करून ठेवला आहे. पाहुण्यांना दाखवताना ते ‘शेरा’ या भागावर बोट ठेवतात.

मग एके दिवशी पानिपताचा निकाल लागला. गावच्या जुन्या कुलकर्ण्यांचे वंशज पुण्याला असतात, त्यांच्या माळ्यावर एक रुमाल होता. रुमाल म्हणजे कागदांचं फडक्यात बांधलेलं दप्तर. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून, माळे झाडून असे कागद मिळवले आणि मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड काढले; तेव्हापासून मराठी माणसाला दुसऱ्याच्या माळ्यावर चढण्याचा नैतिक अधिकार आहे, असं आण्णा मानतात. रुमालात गावचा ताळेबंद निघाला. ताळेबंद हा शब्द वाचूनच आण्णांना भरून आलं. वर साल होतं : इहिदे सितैन मया व अलफ. इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. झाले ११६१. हे सुहूर सन. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इंग्रजी साल येतं : १७६०-६१. पानिपताचंच साल! खाली महिना, पौष. पानिपतची लढाई पौष शुद्ध अष्टमीची. आण्णांचा हात कापायला लागला. पुढची ओळ लावायला त्यांना रात्रीचे दोन वाजले.

खंडोजी होते. त्याच पौषात, गावातच होते. त्यांचे बैल रात्री दुसऱ्याच्या शाळवात शिरले होते आणि त्याबद्दल खंडोजींकडून गुन्हेगारी रुपये दोन जमा झाली होती.

तिकडे विश्वासराव पडले, भाऊसाहेबांचा ठाव लागेना, आणि इकडे मूळ पुरुष दोन रुपये दंड भरून बैल सोडवून घेत होते. भाऊबंदांत कल्लोळ झाला. चुलतभावाचा मुलगा, जो तालुक्याला पुढारीपण करतो, तो म्हणाला, ‘‘आण्णा, पानिपत राहू द्या आणि ते बैल तेवढे काढा.’’ दुसऱ्यानं शंका काढली, की तो खंडोजी दुसराच कुणी असेल. तिसऱ्याला तर बैलांचाही अपमान वाटला. आण्णांनी सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि खंडोजींच्या नावापुढे पहिली हिरवी खूण केली. त्यांच्या दृष्टीनं पानिपतापेक्षा ही नोंद कितीतरी मोलाची होती : रक्कम होती, तारीख होती, कारण होतं, आणि जमेची बाजू खर्चाशी जुळत होती. शेवटी पाटील-कुलकर्ण्यांसमोर खंडोजींची निशाणीही होती. आण्णांना आतून कुठेतरी कट्यार निघेल असं वाटत होतं. निघाला कुणब्याचा नांगर. तो नांगर त्यांनी मोठा करून दिवाणखान्यात लावला आहे, थोडा वाकडा आहे, खंडोजींनीच वाकडा काढलेला.

नावांचा घोळ त्यांनी मोठ्या शिताफीनं सोडवला आहे. आजोबाचं नाव नातवाला ठेवायची आपल्याकडची रीत, त्यामुळे वंशावळ वाचली तर खंडोजीचा आपाजी, आपाजीचा खंडोजी, खंडोजीचा आपाजी अशीच चालते. कर्ज कुणी काढलं आणि फेडलं कुणी ते कळत नाही. आण्णांनी सरळ इंग्लंडच्या राजांसारखे आकडे घातले : खंडोजी पहिले, आपाजी पहिले, खंडोजी दुसरे. स्वतः आण्णा म्हणजे आपाजी चौथे. त्यांच्या मुलाला वास्तविक खंडोजी पाचवे व्हायचं होतं, पण काकूंनी ऐन वेळी मोडता घातला आणि त्याचं नाव संदीप ठेवलं. नातवाचं नाव आहे रिवान. आण्णांनी ते वहीत चढवलं, पण त्यापुढे आकडा घालताना त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

कुलसंमेलनाला म्हणून त्यांनी वंशावळीचं फ्लेक्स करायला टाकलं. फ्लेक्सवाला पोरगा वाढदिवसाच्या फलकांवर घडलेला. ‘मूळ पुरुष खंडोजी’ याच्यापुढे फोटो नाही म्हटल्यावर त्यानं स्वतःच्या अकलेनं एक मावळा आणून बसवला, आणि खाली सवयीनं ‘शुभेच्छुक : समस्त मित्रपरिवार’ टाकून दिलं. आण्णांचं त्याकडे लक्षच नव्हतं. ते चौथ्या ओळीतली एक रेघ अर्धा इंच डावीकडे गेली म्हणून त्याला धारेवर धरत होते. लक्ष गेलं ते काकूंचं, पण दुसरीकडेच.

‘‘मी कंसात का?’’

‘‘कुठं?’’

‘‘इथं. आपाजी चौथे, आणि कंसात मी. कंस कशाला?’’

‘‘अगं, पत्नी कंसात देतात. पद्धत आहे.’’

‘‘कंसातली माणसं जेवायला वाढत नसतात,’’ काकू म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी फ्लेक्स पुन्हा छापून आलं. एकाही बाईला कंस नव्हता, आणि बऱ्याच ठिकाणी जिथे नावच मिळालेलं नाही तिथे मोकळी चौकट होती. संमेलनाला आलेल्या म्हाताऱ्या बायकांनी त्या चौकटींसमोर उभं राहून जेवायची पंगत होईपर्यंत पाच-सात नावं भरून दिली. आण्णांनी ती लाल पेनानं लिहून घेतली, ऐकीव पुरावा.

आता सटवाजी.

हे खंडोजी दुसऱ्यांचे भाऊ. हेळव्याच्या पुस्तकात त्यांच्याबद्दल एवढंच : ‘सटवाजी नदीनं खाली गेला.’ यावरून भावकीत दोन तट. एका तटाचं म्हणणं, माणूस पुरात वाहून गेला. आण्णांचं म्हणणं, कृष्णेच्या काठाकाठानं खालच्या मुलखात राहायला गेला. वाद मिटेना, तेव्हा आण्णा स्वतः नदीनं खाली गेले, अर्थात एसटीनं. गाव लागलं की उतरायचं, देवळात जाऊन बसायचं आणि आडनाव सांगून विचारपूस करायची. अथणीच्या बाजूला एका खेड्यात त्याच आडनावाचं घर निघालं. घरात बोली कानडी, देव्हाऱ्यात खंडोबा, आणि पिढ्यांमध्ये दर एकाआड एक सटवाजी. त्या लोकांनी आण्णांना धपाटे-दही खायला घातलं. आण्णांनी त्यांना वंशावळीची संपूर्ण प्रत दिली, आणि कागदाशिवाय बोलायचं नाही या सवयीप्रमाणे तिला सातबाऱ्याचे उतारे जोडले, गट नंबरांसह.

त्याच सुमारास रत्नागिरी-नागपूर महामार्गात जमिनी गेल्या आणि मोबदल्याचे आकडे गावोगाव फिरू लागले. खालच्या घरातला एक पोरगा नुकताच वकील झालेला होता. त्यानं वंशावळ वाचली, गट नंबर वाचले, आणि आण्णांना समन्स आलं. वडिलोपार्जित मिळकतीचं वाटप व्हावं म्हणून दावा. दाव्याच्या सुरुवातीला वादीनं वंशावळ जोडली होती. आण्णांचीच होती. आकडेसुद्धा तसेच : खंडोजी दुसरे.

भाऊबंद संतापले. आमच्या कॉलनीतले लोक समाचाराला गेल्यासारखे जाऊन आले. मी गेलो तेव्हा आण्णा समन्सची प्रत उजेडाकडे धरून परत परत वाचत होते आणि त्यांच्या तोंडावर जे काही होतं त्याला दुःख म्हणता येत नव्हतं.

‘‘बघा,’’ ते म्हणाले, ‘‘कलम तीन. ‘वादीचे मूळ पुरुष सटवाजी हे प्रतिवादीचे मूळ पुरुष खंडोजी यांचे सख्खे बंधू होत.’ प्रतिज्ञेवर लिहून दिलंय त्यांनी.’’

वकिलांनी कैफियत तयार केली. त्यात कलम तीन ‘खोटे असून प्रतिवादीस कबूल नाही’ असं नेहमीप्रमाणे लिहिलं होतं. आण्णांनी सही करायला नकार दिला.

‘‘नाकारायचं असतं हो,’’ वकील म्हणाले. ‘‘नातं मान्य केलं तर जमीन जाईल.’’

‘‘इतकी वर्षं ज्याच्यासाठी वणवण हिंडलो तो माणूस मीच नाकारू?’’

‘‘पुरावा काय आहे तुमच्याकडे तो भाऊ असल्याचा?’’

हा प्रश्न मात्र आण्णांना लागला. पुरावा नव्हताच, सटवाजी अजून सस्पेन्सला होते. तो आला वादीकडून. खालच्या घरात देव्हाऱ्यामागे पत्र्याच्या नळकांड्यात एक कागद होता, पिढ्यान्‌पिढ्या त्याला हळद-कुंकू वाहत आले होते. मोडी असल्यानं वाचता कुणालाच येत नव्हता, पण इतका जुना कागद म्हणजे जमिनीचा हक्कच, अशी सगळ्यांची खात्री. पोरग्या वकिलानं तो कागद यादीनं दाखल केला आणि लिप्यंतर करून घ्यायला मोडी जाणकारांची यादी मिळवली. यादीतल्या पहिल्या नंबरला फोन लावून त्यानं पानाचा दर विचारला. दर ऐकून नाव विचारलं. मग बराच वेळ दोन्हीकडे कुणी बोललं नाही.

‘‘मी फुकट वाचीन,’’ आण्णा म्हणाले.

अर्थात प्रतिवादीकडून लिप्यंतर चालणार नाही, ते रीतसर दुसऱ्याकडून झालं. पण नक्कल आण्णांना मिळाली आणि त्यांनी ती त्या संध्याकाळी आमच्या सगळ्यांसमोर वाचली. शके १७५४. ‘खंडोजी व सटवाजी बिन आपाजी’. सख्खे भाऊ! आण्णांनी तिथेच थांबून हिरवं पेन काढलं. वकील म्हणाले, ‘‘पुढं वाचा.’’ पुढे होतं, की मातोश्री म्हाळसाई समक्ष राजीरजावंदीनं वाटणी झाली, सटवाजी दोन बैल, एक गाय आणि रोख रक्कम घेऊन आपला हिस्सा भरून पावला, पुढे लेकराचे लेकरी दावा करू नये. वकील टाळी वाजवून उठले. दावा संपल्यात जमा होता. वादीनंच स्वतःविरुद्धचा कागद हळदकुंकू वाहून जपला होता. आण्णांचं त्याकडे ध्यान नव्हतं. ते ‘म्हाळसाई’ या अक्षरांवर भिंग धरून बसले होते, आणि काकू त्यांच्या खांद्यावरून वाकून म्हणत होत्या, ‘‘कंस नाहीये बघा.’’

खालची मंडळी समजुतीला आली. वडीलधाऱ्यांनी निरोप पाठवला, की पोराचं चुकलं, दावा काढून घेतो, तुम्ही आम्ही एकच आहोत. निरोप ऐकून आण्णा घाबरेघुबरे झाले. त्यांनी ताबडतोब फोन लावला, आणि हे संभाषण मी स्वतः ऐकलेलं आहे.

‘‘काढून कसा घेता? अजिबात काढू नका. अजून कागदाला निशाणी पडायची आहे! कागद शाबीत होऊ दे, निशाणी पडू दे, मी सर्टिफाइड नक्कल घेतो, मग काढा. अहो, दोन-तीन तारखांचा तर प्रश्न आहे… येण्याजाण्याचा खर्च मी देतो… तुमच्या वकिलाची फी? बरं, तीही देतो.’’

आण्णांचे वकील परवा मला रस्त्यात भेटले. पुढची तारीख आठ तारखेला आहे म्हणाले, आणि त्या दिवशी आपण नेमकं कुणाच्या बाजूनं उभं राहायचंय एवढं आण्णांना विचारून सांगाल का, म्हणाले.